अकरा वर्षांच्या मुलीची एंडोस्कोपी करावी का?

प्रश्न एका वडिलांचा आहे. थोडक्यात असा: "मुलगी ११ वर्षांची. सात महिन्यांपासून पोट दुखतं, कधी बेंबीपाशी तर कधी वर छातीखाली. अधूनमधून मळमळतं, सकाळी नाश्ता नको म्हणते. हिमोग्लोबिन ८.९ आहे. चार महिने लोहाचं औषध देऊनही ते ९.१ च्या पुढे गेलेलं नाही. रक्तात एच. पायलोरीची टेस्ट पॉझिटिव्ह आली. डॉक्टर म्हणतात दुर्बीण घालून बघू, तुकडा काढू. आई म्हणते, एवढ्या लहान पोरीच्या पोटात नळी कशाला घालायची, आणि तुकडा कशाला काढायचा, कॅन्सर आहे का? श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीवर भागणार नाही का?"

आधी सरळ उत्तर देतो, कारणं मागाहून. तुमच्या मुलीची एंडोस्कोपी मीही करीन. पण त्या रक्ताच्या टेस्टसाठी करणार नाही, आणि पोटदुखीसाठीही बहुधा नाही. करीन ती चार महिने औषध घेऊनही न हललेल्या हिमोग्लोबिनसाठी. आणि तारीख ठरवण्याआधी तीन-चार गोष्टी तपासून घेईन. त्यांतल्या एखाद्या गोष्टीतच उत्तर सापडलं, तर दुर्बिणीचा विषय तिथेच संपेल.

रक्तातल्या त्या टेस्टमध्ये एच. पायलोरी हा जठरात राहणारा जंतू सापडत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं सापडतात. म्हणजे या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच त्यावरून कळतं. ती गाठ आजची की चार वर्षांपूर्वीची, हे कळत नाही. जंतू गेल्यावरही प्रतिपिंडं बराच काळ रक्तात राहतात. लहान मुलांमध्ये उलटही होतं, जंतू असतो आणि टेस्ट निगेटिव्ह येते. युरोप आणि अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यांत मुलांचं निदान या टेस्टवर करू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. तरीही ती सर्रास लिहून दिली जाते, कारण सुई टोचली की संध्याकाळी रिपोर्ट हातात येतो. माझ्याकडे असे रिपोर्ट आठवड्याला दोन-तीन तरी येतात. मी ते फाईलच्या मागच्या बाजूला लावून टाकतो.

दुसरी अडचण अशी की आपल्याकडे हा जंतू फार पसरलेला आहे. तो बहुतेकांना बालपणीच, घरातल्याच कुणाकडून लागतो आणि औषध दिलं नाही तर सहसा आयुष्यभर जठरात राहतो. भारतातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात तो असतो, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. त्यामुळे पोट दुखणाऱ्या मुलाच्या पोटात जंतू सापडला, यावरून दुखणं जंतूमुळेच आहे असं ठरत नाही. वर्गातल्या पोट न दुखणाऱ्या मुलांना तपासलं तरी त्यातल्या कितीतरी जणांत तो सापडेल.

आता पोटदुखीकडे वळू. जॉन अ‍ॅप्ली या बालरोगतज्ज्ञांनी १९५८ मध्ये ब्रिस्टल भागातल्या एक हजार शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण दहातल्या एका मुलाला वारंवार पोटदुखी होती आणि त्यातल्या फारच थोड्यांमध्ये शारीरिक आजार सापडला. दुखण्याची जागा बेंबीपासून जितकी लांब, तितकी आजाराची शक्यता जास्त, हा त्यांचा ठोकताळा आजही आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. मुलाला मी सांगतो, एका बोटाने दाखव कुठे दुखतं. पूर्ण तळवा बेंबीवर गोल फिरला की माझा जीव जरा भांड्यात पडतो. बोट नेमकं छातीच्या हाडाखाली टेकलं, किंवा उजवीकडे गेलं, की मी कान टवकारतो. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, रक्ताची किंवा हिरवट उलटी, डांबरासारखी काळी शी, घटणारं वजन, थांबलेली उंची, गिळताना अडकणं, घरात कुणाला अल्सर किंवा सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनने आतडं सुजण्याचा आजार) असणं, यांपैकी काही असेल तर मी थांबत नाही. (लोहाच्या औषधानेही शी काळी होते. पण ती डांबरासारखी चिकट नसते आणि तिला तसा घाणेरडा वासही येत नाही. यावरून घाबरून रात्री फोन करणारे पालक खूप असतात, म्हणून सांगितलं.)

यातलं काहीच नसेल, मूल खेळतंय, वाढतंय, सुट्टीत पोट विसरतंय, तर त्या दुखण्याला आम्ही कार्यात्मक पोटदुखी म्हणतो. अशा मुलांमध्ये एच. पायलोरी शोधूच नये, असं तीच तत्त्वं सांगतात. शोधला तर सापडेल, सापडला तर चौदा दिवस औषधांचा मारा होईल, आणि पोट तसंच दुखत राहील. नऊ वर्षांच्या एका मुलाला घेऊन आई-वडील आले होते, फाईल चांगली जाड. आधी कुठेतरी एंडोस्कोपी झालेली, रिपोर्टमध्ये 'अँट्रल गॅस्ट्रायटिस' (जठराच्या खालच्या भागाची सूज), नमुना घेतलेला नाही, आणि त्या दोन शब्दांवर चार महिने पित्ताच्या गोळ्या. मी पोटावर हात ठेवला तर डाव्या बाजूला खड्यांची माळ लागली. पोराला बद्धकोष्ठ होता. शाळेतलं संडास घाण असतं म्हणून तो दिवसभर दाबून धरायचा.

तुमच्या मुलीची गोष्ट वेगळी आहे, आणि ती रक्तक्षयामुळे. जठरातलं आम्ल अन्नातल्या लोहाला विरघळवतं आणि शोषता येईल अशा रूपात ठेवतं. आपल्याकडच्या शाकाहारी ताटातलं, म्हणजे पालेभाजी, नाचणी, कडधान्यांतलं लोह तर या आम्लावर फारच अवलंबून असतं. जंतूमुळे जठराच्या मोठ्या भागाला सूज आली की आम्ल घटतं, जठररसातलं क जीवनसत्त्वही घटतं, आणि लोह तसंच पुढे निघून जातं. त्याशिवाय अल्सर असेल तर थेंब थेंब रक्तही जाऊ शकतं. म्हणून नीट दिलेल्या लोहालाही दाद न देणारा रक्तक्षय असेल, तर जठराकडे बघायला हवं.

मात्र 'नीट दिलेल्या' या शब्दांवर मी अडून बसतो. औषध चहानंतर दिलं जातं का? दुधातून दिलं जातं का? चहा आणि दूध दोन्ही लोहाला अडवतात. चव आवडत नाही म्हणून मुलगी ते बेसिनमध्ये थुंकते का? हे मी मुलीलाच विचारतो, आईला बाहेर बसवून. मात्रा वजनाप्रमाणे आहे, की सात वर्षांची असतानाची तीच अजून चालू आहे? औषधाला दाद नाही म्हणून आलेल्या मुलांमध्ये बरीच जणं अशी निघतात की त्यांच्या पोटात औषध पोचलेलंच नसतं. पाळी सुरू झाली असेल आणि रक्तस्राव जास्त असेल, तर तेही विचारावं लागतं; आपल्याकडे हा प्रश्न वडिलांसमोर कुणी विचारत नाही. थॅलेसेमिया मायनर या सौम्य आनुवंशिक रक्तदोषातही हिमोग्लोबिन कमी राहतं आणि लोहाने फारसं वाढत नाही, म्हणून ती तपासणी एकदा झालेली असावी.

आणि सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी, म्हणजे टीटीजी, सोबत एकूण आयजीए (दोन्ही प्रतिपिंडांच्या तपासण्या). गव्हाच्या ग्लुटेनची ही तक्रार पूर्वी उत्तर भारताची म्हणून आपण सोडून द्यायचो. आता महाराष्ट्रातल्या मुलांमध्येही आम्हाला ती दिसते. रक्तक्षय हे तिचं एकमेव लक्षण असू शकतं. इथे एक कळकळीची विनंती: तपासण्या पूर्ण होईपर्यंत मुलीची पोळी बंद करू नका. कुणीतरी सांगतं, गहू सोडून बघा, आणि महिन्याभरात लहान आतड्याची सूज उतरू लागते. मग रक्तातही काही दिसत नाही, नमुन्यातही नाही, आणि निदानासाठी त्या लेकराला परत आठवडेच्या आठवडे पोळी खायला लावावी लागते.

हे सगळं पार पडून हिमोग्लोबिन तिथेच असेल, तर एंडोस्कोपी. शौचाची किंवा श्वासाची तपासणी का नाही? त्या तपासण्या वाईट नाहीत. चांगल्या दर्जाची शौचातली अँटिजेन टेस्ट (जंतूचे अंश शोधणारी) आणि सी-१३ (किरणोत्सर्ग नसलेला कार्बन) वापरून केलेली श्वासाची टेस्ट, दोन्ही विश्वासाच्या आहेत. पण त्यांना एकच प्रश्न विचारता येतो, जंतू आहे की नाही. मला प्रश्न तो नाहीच. मला हवंय रक्तक्षयाचं आणि दुखण्याचं कारण. ते अल्सर असेल, सिलिअ‍ॅक असेल, अन्ननलिकेतली अ‍ॅलर्जीची सूज असेल, किंवा खरंच जंतूची जठरसूज असेल. एकाच भुलेत, पंधरा-वीस मिनिटांत, हे सगळं बघून होतं. नुसती श्वासाची टेस्ट करून जंतूवर औषध दिलं आणि सिलिअ‍ॅक मागे राहून गेला, तर वर्षभर आपण चुकीच्या दारात उभे राहू. म्हणून मुलांमध्ये 'टेस्ट करा आणि उपचार करा' हा मोठ्यांचा मार्ग आम्ही वापरत नाही. या टेस्टचा खरा उपयोग नंतर होतो, जंतू गेला का ते बघायला. आपल्याकडे श्वासाच्या टेस्टसाठी बऱ्याच ठिकाणी सी-१४, म्हणजे किरणोत्सर्गी कार्बन, वापरतात. त्यातला किरणोत्सर्ग किरकोळ असला तरी मुलांना ती नको. सी-१३ मिळत नसेल तर शौचाची करा. सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये श्वासाची टेस्ट खोटी पॉझिटिव्हही येते.

आता दुर्बिणीतून काय दिसतं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण गोंधळ इथेच होतो.

मोठ्यांच्या जठरात जंतूची सूज असेल तर लाली, ओरखडे, पातळ झालेलं अस्तर, असं काहीबाही दिसतं. मुलांच्या जठरात बरेचदा काहीच दिसत नाही. गुलाबी, ओलसर, चकचकीत अस्तर, आणि तरीही नमुन्यात जंतू. उलट, लाल दिसणारं अस्तर नमुन्यात अगदी निर्दोष निघतं. मूल भूल चढताना ओकारी देतं, तेवढ्यानेही अस्तर लाल होतं. ताप-अंगदुखीच्या गोळीने होतं, आतड्यातून उलटं वर आलेल्या पित्ताने होतं. म्हणून रिपोर्टमधलं 'एरिथिमॅटस गॅस्ट्रायटिस' (लालसर जठरसूज) हे रंगाचं वर्णन समजा. ते निदान नाही. 'गॅस्ट्रायटिस' हा शब्द लिहिण्याचा खरा अधिकार सूक्ष्मदर्शकातून बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचा.

एक खूण मात्र मुलांमध्ये खास दिसते. जठराच्या खालच्या भागात, ज्याला आम्ही अँट्रम म्हणतो, तिथे सारख्या आकाराच्या बारीक गाठी उठतात. थंडीने अंगावर काटा आल्यावर हाताची कातडी दिसते तसं. जपानी डॉक्टर याला 'तोरिहादा' म्हणतात, म्हणजे कोंबडीची कातडी, त्यांच्याकडे अंगावरच्या काट्यालाही तोच शब्द आहे. मला मात्र भिजवलेला साबुदाणा आठवतो, आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या सिस्टर आता मला विचारतात, "सर, साबुदाणा आहे का?" या गाठी म्हणजे लिम्फॉइड, म्हणजे शरीराच्या संरक्षक, पेशींचे पुंजके. निरोगी जठराच्या अस्तरात या पेशींची अशी वस्ती नसते. जंतू आला की शरीर तिथे ठाणी वसवतं, आणि ती ठाणी अस्तर वर उचलतात. कधीकधी नुसत्या नजरेला त्या दिसत नाहीत, पण नमुना घेतल्यावर थोडंसं रक्त त्यावरून ओघळतं आणि फटींमध्ये उतरतं, तेव्हा गाठी उठून दिसतात. म्हणून पहिला नमुना घेतल्यावर मी दुर्बीण जरा मागे घेऊन पुन्हा एकदा बघतो.

साबुदाणा दिसला तर जंतू असण्याची शक्यता खूप जास्त. दिसला नाही तर जंतू नाही, असं मात्र म्हणता येत नाही. आणि औषधांनी जंतू गेल्यावरही या गाठी महिनोन्‌महिने, कधी वर्षभराहूनही जास्त, तशाच राहतात. त्यामुळे गाठी गेल्या का हे बघण्यासाठी पुन्हा दुर्बीण घालण्यात अर्थ नसतो.

याच्या उलट एक चांगली खूण आहे. नव्या, स्पष्ट चित्र देणाऱ्या दुर्बिणीतून जठराच्या वरच्या-मधल्या भागात, म्हणजे बॉडीत, अगदी जवळ जाऊन बघितलं तर सारख्या अंतरावर बारीक लाल ठिपके दिसतात, जवळून स्टारफिशसारखे. अस्तरातल्या बारीक शिरा आहेत त्या. जपानमधल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांनी ही खूण मांडली. ते ठिपके ओळीत नीट दिसत असतील तर तिथे जंतूची सूज नसण्याचीच शक्यता मोठी. जुन्या दुर्बिणीतून हे दिसत नाही, आणि घाईत बघितलं तर नव्यातूनही नाही.

म्हणजे नजर शंका देते. पुरावा नमुन्यातून येतो. हा जंतू सापडला तोही असाच. जगभरचे डॉक्टर वर्षानुवर्षं दुर्बिणीतून सुजलेली जठरं बघत होते आणि कुणाला जंतू दिसला नव्हता. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या रॉबिन वॉरन यांना तो नमुन्याच्या काचेवर दिसला. ते पॅथॉलॉजिस्ट होते. बॅरी मार्शल यांच्याबरोबर त्यांनी तो १९८२ मध्ये वाढवून दाखवला. १९८४ मध्ये मार्शल यांनी आधी स्वतःची एंडोस्कोपी करून जठर निरोगी असल्याची खात्री केली, मग जंतूंचं पाणी पिऊन टाकलं, आणि दहाव्या दिवशी पुन्हा नमुने काढवले. सूज आली होती, जंतूही होता. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं.

मुलीच्या आईंच्या शंकेकडे येतो. तुकडा म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा कण. चिमट्याने अस्तराचा वरचा पदर खुडला जातो. जठराच्या अस्तराला खुडल्याची वेदना कळतच नाही, आणि ती जागा काही दिवसांत भरून येते. बायोप्सी म्हणजे कॅन्सर, हे समीकरण आपल्याकडे सिनेमांनी आणि शेजाऱ्यांनी पक्कं केलं आहे. मुलांमध्ये आम्ही बायोप्सी घेतो ती सूज कसली आहे हे कळावं म्हणून. एच. पायलोरीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात टाकलं हे खरं आहे, आणि आंतरजालावर तुम्ही ते वाचलंही असेल. पण तो धोका दशकांनंतरचा असतो, आणि जंतू असलेल्या थोड्याच जणांच्या वाट्याला येतो. जपानमध्ये जठराचा कर्करोग फार, म्हणून तिथल्या सागा प्रांताने २०१६ पासून साधारण पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांची तपासणी करून औषध द्यायला सुरुवात केली. भारतात मिझोरमसारखे भाग सोडले तर जंतू इतका पसरलेला असूनही हा कर्करोग तुलनेने कमी आहे. तिथलं धोरण इथे उचलून आणण्यात मला अर्थ दिसत नाही. ११ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ही भीती घरात बोलूसुद्धा नका.

नमुने किती? किमान सहा. दोन अँट्रममधून आणि दोन बॉडीतून पॅथॉलॉजीला. प्रत्येकी एक जलद युरिएज चाचणीला. आणि जिथे सोय असेल तिथे जंतू वाढवून त्यावर कोणतं प्रतिजैविक चालतं हे बघायला प्रत्येकी आणखी एक. तुमच्या मुलीच्या बाबतीत लहान आतड्याच्या सुरुवातीचे वेगळे नमुने हवेतच, सिलिअ‍ॅकसाठी. जलद युरिएज चाचणीत नमुना पिवळ्या जेलमध्ये खोचतात. जंतू युरियापासून अमोनिया करतो, जेल गुलाबी होतं. गंमत म्हणजे मुलांना हे फार आवडतं, शुद्धीवर आल्यावर कितीतरी मुलं विचारतात, माझं गुलाबी झालं का? पण मुलांमध्ये जंतूंची संख्या कमी असते, रंग सावकाश येतो, आणि ही चाचणी मोठ्यांपेक्षा जास्त वेळा खोटी निगेटिव्ह येते. चोवीस तास उलटून गेल्यावर आलेला गुलाबी रंगही धरायचा नाही. म्हणून आमचा नियम: पॅथॉलॉजीत जंतू दिसला आणि सोबत दुसरी एखादी नमुन्यावरची चाचणीही पॉझिटिव्ह आली, तर निदान पक्कं, किंवा जंतू प्रत्यक्ष वाढला, तर त्या एकट्यावरही पक्कं.

माझी एक चूक सांगतो, बारा-तेरा वर्षांपूर्वीची. तेरा वर्षांचा मुलगा, काळी शी झालेली, ड्युओडिनममध्ये म्हणजे जठरानंतरच्या पहिल्या वळणावर स्पष्ट अल्सर. मी अँट्रममधून दोन नमुने घेतले आणि थांबलो. दोन्ही चाचण्या निगेटिव्ह. अल्सर भरण्याचं औषध देऊन घरी पाठवला. पाच महिन्यांनी तो पुन्हा काळी शी घेऊन आला. तेव्हा आईने सहज सांगितलं, की पहिल्या वेळेस दुर्बिणीच्या सकाळपर्यंत ती उपाशीपोटीची पित्ताची गोळी चालूच होती. मी विचारलंच नव्हतं. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या जातीच्या गोळ्यांनी जंतू दबतो आणि अँट्रम सोडून वर बॉडीकडे सरकतो. मी जिथून नमुना घेतला तिथे तो नव्हताच. दुसऱ्या वेळेस गोळी थांबवून, वरूनही नमुने घेतले, आणि तो तिथे होता. त्या दिवसापासून बॉडीचे नमुने घेतल्याशिवाय मी दुर्बीण बाहेर काढत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो: पित्ताची ती गोळी तपासणीआधी दोन आठवडे बंद हवी, आणि कोणतंही अँटिबायोटिक, मग ते सर्दी-खोकल्यासाठी का असेना, चार आठवडे. मध्ये ताप आला आणि फॅमिली डॉक्टरांनी अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं तर लपवू नका, आम्ही तारीख पुढे नेऊ. (रक्तस्राव होत असलेल्या मुलाला हे लागू नाही. तिथे औषध थांबवायचं नसतं.)

धोका किती? मुलांची एंडोस्कोपी भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करतात. जठराला छिद्र पडणं, मोठा रक्तस्राव होणं, हे फार विरळ. घसा दिवसभर खवखवतो, पोट हवेने फुगल्यासारखं वाटतं, कधी एखादी उलटी होते. ११ वर्षांच्या मुलीला साधारण मोठ्यांचीच नऊ-दहा मिलिमीटर जाडीची दुर्बीण चालते. बाळांसाठी पाच-सहा मिलिमीटरची वेगळी असते. आधी सहा तास काही खायचं नाही, दूधही नाही. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, आणि ते द्याच, उगाच आदल्या रात्रीपासून कोरडं ठेवू नका. मुलीला खोटं सांगू नका. 'फक्त डॉक्टरकाकांना भेटून येऊ' म्हणून आणलेली मुलं टेबलावर सगळ्यात जास्त घाबरतात. झोपेचं औषध देतील, तू झोपशील, कॅमेरा आत जाऊन फोटो काढेल, उठशील तेव्हा झालेलं असेल, एवढं सांगितलं की या वयाच्या मुली माझ्यापेक्षा शांत असतात.

रिपोर्टमध्ये जंतू आणि सूज दोन्ही आली तर उपचार चौदा दिवसांचा. आम्ल कमी करणारं एक औषध आणि दोन किंवा तीन प्रतिजैविकं, वजनाप्रमाणे, कधी जोडीला बिस्मथ. आपल्याकडे मेट्रोनिडॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन दोन्हींना जंतू बराच निर्ढावला आहे, कारण जुलाबाला एक आणि खोकल्याला दुसरं आपण वर्षानुवर्षं वाटत आलो. त्यामुळे कोणती जोडी द्यायची हे तुमचे डॉक्टर ठरवतील. तुमचं काम इतकंच, की दहाव्या दिवशी मुलगी बरी दिसते म्हणून थांबायचं नाही. तोंड कडू होतं, शी पातळ होते, बिस्मथने जीभ काळी पडते, हे आधीच सांगून ठेवा. लोहाचं औषध सोबत चालू राहील. चौदा दिवसांचा उपचार संपल्यावर किमान चार आठवडे थांबून शौचाची किंवा सी-१३ ची तपासणी, ती टाळू नका. पोटदुखी थांबली का यावरून जंतू गेला की नाही हे कळत नाही.

घरातल्या सगळ्यांना औषध द्यायचं का, हे पालक विचारतातच. सरसकट नाही. तुम्हाला किंवा आजोबांना अल्सर झाला असेल, छातीखाली दुखत असेल, तर तुमची तपासणी तुमच्या डॉक्टरांकडून करून घ्या. बाळाचा घास चावून मऊ करून भरवण्याची जुनी सवय घरात असेल तर धाकट्याच्या वेळी ती सोडा. पाणी उकळून घ्या. एवढं पुरे.

आणि नमुन्यात जंतू आला पण रक्तक्षयाचं कारण सिलिअ‍ॅकच निघालं, तर? तर आधी सिलिअ‍ॅकचा आहार, आणि जंतूवर औषध द्यायचं की नाही हे सावकाश, तुमच्याशी बोलून. दोन्ही एकदम सुरू केलं की कशाने काय सुधारलं ते कळत नाही.

भेटीला येताना जुने रक्ताचे सगळे रिपोर्ट, उंची-वजनाच्या जुन्या नोंदी (शाळेच्या प्रगतिपुस्तकात असतात) आणि आत्ता चालू असलेल्या प्रत्येक औषधाची बाटली घेऊन या, चिठ्ठी नको, बाटलीच. लोहाची बाटली किती रिकामी झाली आहे हे मला बघायचं असतं. आणि तिचा एखादा दुधाचा दात हलत असेल तर तपासणीच्या दिवशी भूलतज्ज्ञांना आधी सांगा. दुर्बीण जाण्यासाठी दातांमध्ये प्लास्टिकचं कडं ठेवतात, आणि या वयात तो दात नेमका तेव्हाच निघतो.